टोलीवरचा काळा ठिपका

लोक काशीले जाऊन येतेत, मुंबईले जाऊन येतेत, एखादा नशीबवान लंडनले जाऊन येते, आन् मंग वर्षभर तिथल्या गोष्टी सांगत फिरते. मी वडनेरच्या पलीकडं जाऊन आलो. वर्धेवरून सकाळी निघालं तर माणूस संध्याकाळच्या भाकरीले घरी परत येईन, एवढंच लांब. पण एक फरक आहे. त्या काशीवाल्याईनं निघायच्या आधी काशी आभाळातून पाह्यली नसन. मी ती वस्ती, नवी टोली, पाह्यलती. नऊशे किलोमीटर वरून! तिथून काय दिसलं आन् जमिनीवर उतरल्यावर काय निघालं, हे ज्याईनं दोन्हीपैकी काहीच पाह्यलं नाई त्याईच्यासाठी लिहून राह्यलो.

आधी मी कोण ते सांगतो. नाव भास्कर. घर सिंदी मेघेले, शाळा वर्धेची, कॉलेज नागपूरचं, अक्कल माझी स्वतःची. दगडाचे नकाशे काढणाऱ्या एका सरकारी हापिसात दीड वर्षापासून चिकटलो आहो. मले दोन गोष्टी येतेत. एक, दगड ओळखणं. दुसरी, माणसाची नक्कल करणं. दोन्हीची युक्ती एकच आहे. पहिले रंग पाहाचा, मंग पोत पाहाचा, आन् मंग पाणी कुठून कसं वाह्यते ते पाहाचं. माणसाचं पाणी म्हणजे त्याचं बोलणं. कुठं अडते, कुठं वळसा घेते, कुठं एकदम धबधबा होते, एवढं धरलं का माणूस आलाच हातात. बस कंडक्टर, आमचे हेडमास्तर, खुराड्यातली कोंबडी, लग्नातला रुसलेला जावई, सगळे माझ्याजवळ आहेत. पण सगळ्यात भारी माल म्हणजे आमचे आठल्ये साहेब.

साहेब पुण्याचे. पन्नाशीतले, उंच, डोक्यावर टोपी, खांद्यावर थर्मास. बोलताना मान डावीकडं कलते, चष्मा वर सरकते, आन् मंग तोंडातून एक शब्द पडते, "पुरावा?" चहा गरम आहे म्हटलं तरी पुरावा मागणारा माणूस.

कागदावर

आमच्या टेबलावर उपग्रहानं काढलेला फोटो होता, गेल्या उन्हाळ्यातला. या फोटोत आपलं जग ओळखू येत नाई. झाडं हिरवी नाई, लालभडक दिसतेत. वरच्या यंत्राले असा एक उजेड दिसते जो आपल्या डोळ्याले दिसत नाई. पानं तो उजेड जोरात परत फेकतेत, आन् फोटो बनवणारे त्याले लाल रंग देतेत. पहिल्यांदा पाह्यलं तवा मले वाटलं, अख्ख्या जिल्ह्यावर कोणी तर्री सांडवली.

पण उन्हाळ्यात वावरं रिकामी असतेत, म्हणून जमीन चांगली दिसते. आपला काळा दगड, ज्वालामुखीतून निघालेला, जो वर्धेत कुठंही ठेच लागली का भेटते, तो निळसर काळा दिसते. त्याच्यावरचे नाले झाडाच्या फांद्यांसारखे फाटत जातेत. वाळूचा दगड फिका दिसते, मळलेल्या धोतरासारखा. त्याच्यावर नाले कमी, कारण पाणी आतच मुरते. मी असे फोटो पाहून दगडाच्या सीमा काढतो, त्याच्यावर पारदर्शक कागद टाकून. आन् सांगतो, बढाई नाई, हापिसात माझ्याएवढा झपाझप कोणी काढत नाई.

वडनेरच्या पलीकडं फिक्या मुलखाच्या ऐन मधात एक काळा ठिपका होता. मसुरीच्या दाण्याएवढा. त्याच्या काठालेच नवी टोली, चाळीसेक घरं.

"भास्करराव, हे काय?" साहेबाईनं पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"काळा दगड, साहेब. वरची टोपी राह्यली आहे. चारीकडून झिजून गेला, एवढा उरला."

"पुरावा?"

"रंग."

"रंग म्हणजे पुरावा नव्हे. रंग म्हणजे अफवा. आणि याचे काठ पाहा, सरळ आहेत. निसर्ग फूटपट्टी घेऊन बसत नाही."

मी तयारच होतो. म्हटलं, "साहेब, हा फोटोच चौकोनी ठिपक्याईनं विणलेला आहे. एकेक ठिपका एक-दीड एकराचा. अशा दहा-पाच ठिपक्याईचा काठ सरळच दिसन ना! गोल वाटी चौकोनी विटाईनं बांधून दाखवा बरं."

साहेब चष्मा सरकवून पाहत राह्यले. मंग म्हणाले, "हे मात्र खरं आहे." हे वाक्य त्याईच्या तोंडून वर्षातून एकदा निघते. मी तो दिवस त्याच्यावरच जेवलो.

"तरी पेन्सिलीनं काढ," ते म्हणाले.

मी शाईनं काढला.

आता हा ठिपका म्हणजे नुसती आमची गंमत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात बोअर पाडाच्या दोन मशिनी इकडं येणार होत्या. एक ठोकणारी. हवेच्या जोरानं हातोड्यासारखी ठोकत जाते, काळ्या दगडाले चांगली. दुसरी फिरणारी, वाळूच्या दगडाची. ठोकणारी जर वाळूच्या दगडात घातली तर भोक अंगावर ढासळते, पाणी राहते बाजूले. आन् एकदा बोअर वाया गेला का त्या गावाचं नाव यादीच्या पार तळाले. मंग पुढच्या पाच-सात वर्षाची निश्चिंती. नव्या टोलीचं नाव त्या यादीत होतं, आन् कोणती मशीन पाठवाची हे आमचा नकाशा पाहून ठरणार होतं. म्हणजे माझा मसुरीचा दाणा पाहून.

म्हणून जमिनीवर जाऊन पाहणं आलं.

वडनेर

जीप रहीमभाईची. म्हणजे सरकारची, पण रहीमभाई ते मानत नाई. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातला माणूस, तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, आन् दोन्हीत शिव्या सारख्याच. सकाळी वर्धेवरून निघालो. हिंगणघाट मागं टाकलं, आन् वडनेरले हायवेवर ट्रकवाल्याईच्या हाटेलात पोहे खाले थांबलो.

पोह्यावर तर्री आली. लाल, वर तेलाचा तवंग, खाली चणे. साहेबानं विचारलं, "हे तिखट आहे का?"

हाटेलवाला म्हणाला, "नाई साहेब, लेकराईले देतो आम्ही."

साहेबानं चमचाभर घेतलं. पहिले कान लाल झाले. मंग मान. मंग टोपी काढून ठेवली आन् थर्मासातलं अर्धं पाणी संपवलं. मी म्हटलं, "साहेब, झाडं लाल काऊन दिसतेत ते आता समजलं असन." रहीमभाईले ठसका लागला. साहेबाईनं थर्मास परत तोंडाले लावला. पण एक कबूल करतो, प्लेट त्याईनं पूर्ण खाल्ली. पुण्याचा माणूस पैसे दिलेलं अन्न सोडत नाई, आन् आपला माणूस फुकटचं सोडत नाई, एवढाच काय तो फरक.

हाटेलात दोघं-तिघं भोवती जमले. सरकारी जीप, गुंडाळलेले कागद, हातोडे.

"धरण होऊन राह्यलं का?" एकानं विचारलं.

"नाई. दगड पाहाले आलो."

"दगड?" त्यानं साहेबाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. "पगार भेटते याचा?"

"भेटते ना."

"मंग पाहा बाप्पा, चांगले पाहा. आमच्या इकडं कमी नाई."

नाल्यात

वडनेरपासून पुढं कच्चा रस्ता. रहीमभाई म्हणाला, गावकऱ्याईले विचारून जाऊ. मी म्हटलं, विचाराचं काय, फोटो आहे ना! मांडीवर फोटो पसरला आन् नऊशे किलोमीटर वरून जीप हाकू लागलो. "आता डावीकडं घ्या. आता नाला येईन. नाला ओलांडा."

नाला आला. बरोबर जिथं मी सांगतला तिथंच. मी छाती फुगवून साहेबाकडं पाह्यलं, तेवढ्यात जीप नाल्याच्या मधात पोटापर्यंत रेतीत बसली.

"क्या बे," रहीमभाई खाली उतरून म्हणाला, "तेरे फोटू में रेती नहीं दिखी? उधर से देखा तो मेरी टोपी भी दिखी होगी!"

एक तास आम्ही चाकाखाली फांद्या टाकत होतो. साहेब तेवढ्यात मूठभर रेती हातात घेऊन बोटाईनं चोळत होते. पांढरी, बारीक, चमकणारी रेती. "भास्करराव, आपल्या काळ्या दगडातून अशी रेती निघते का?"

"वरून कुठून तरी वाहून आली असन, साहेब."

"वर तर तुझी काळ्या दगडाची टोपी आहे."

मी फांदी शोधाले गेलो.

नवी टोली

टोलीवर पोचलो तवा ऊन डोक्यावर आलतं. घरं मातीची, छतावर कवेलू, अंगणं सारवलेली, कुडाले वाळत घातलेली तूर. पहिल्याच घरची म्हातारी दारातून ओरडली, "या बाप्पा, उन्हाचे काऊन उभे राह्यले?" ही सकुबाई. साठीची, बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आन् आवाज असा का तीन वावरं पलीकडचा बैल वळून पाहीन.

तिनं खाट टाकली, आतून पाण्याचा भरलेला लोटा आणला, आन् माझ्या हातात दिला.

आता आमच्या घरी सिंदी मेघेले पाव्हणा आला का लोटा देतेत, आन् पाव्हणा अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पाय धुते. मी उठलो, कोपऱ्यात गेलो, आन् ऐटीत अख्खा लोटा पायावर ओतला. एक पाय, दुसरा पाय, उरलेलं तोंडावर.

वळून पाह्यलं. शेजारच्या तीन बाया कुडापाशी उभ्या होत्या, त्या माझ्या पायाकडं पाहत होत्या. पायाकडं पण नाई, पायाखालच्या ओल्या मातीकडं. एका कोंबडीनं येऊन तिथं चोच मारली.

"तहान नोयती का, बाबू?" सकुबाईनं विचारलं. रागानं नाई. खरंच विचारलं.

मंग समजलं. टोलीच्या विहिरी माघातच आटतेत. बाया कोसभर दूर त्याच नाल्यात जातेत जिथं आमची जीप फसलती, रेतीत झिरा खणतेत, आन् वाटीवाटीनं पाणी भरतेत. एक गुंड, म्हणजे हंडा, भराले जेवढा वेळ लागते तेवढ्यात आमच्या हापिसात दोनदा चहा होते. मी तिघाईचं प्यायचं पाणी पायावर घातलं होतं.

रहीमभाईनं जीपमधली पाण्याची कॅन गुपचूप आणून ओट्यावर ठेवली. सकुबाई म्हणाली, "राहू दे भाऊ, पाव्हन्याचं पानी आम्ही घेत नाई." मले त्या दिवशी पहिल्यांदा माझा मसुरीचा दाणा जड वाटला. पण मी म्हटलं, बरंच आहे. दगड ओळखला, मशीन बरोबर येईन, पाणी लागन, हिशेब फिटन. ओळखला तर मी बरोबरच होता ना!

ठिपक्यावर

घराईच्या मागं वावर सुरू होते. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. आन् माती? काळीभोर! भेगा पडलेली, पायाखाली ढेकळं फुटणारी, आपल्या वर्धेची माती. चारीकडं लांब पाह्यलं तर पिवळट, भुरकी जमीन, आन् ऐन मधात हा काळा पट्टा. जसा फोटोत तसाच. मी ढेकूळ उचललं, आतून सुपारीएवढे दोन काळे खडे निघाले. हातोडीनं फोडले. काळा दगड! शंभर टक्के.

"साहेब! रंग घ्या, पोत घ्या, हे खडे घ्या. आता अजून काय पुरावा पाहिजे?" आन् मी त्या पऱ्हाट्याईत एक गिरकी घेतली. रहीमभाईनं टाळी वाजवली. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून सकुबाई आमचा तमाशा पाहत होती.

साहेबानं खडे हातात घेतले, पाह्यले, खिशात टाकले. मंग शांतपणे म्हणाले, "भास्करराव, तू माझी नक्कल फार छान करतोस, असं ऐकतो."

मी रहीमभाईकडं पाह्यलं. रहीमभाई आभाळाकडं पाहू लागला.

"लाजू नकोस. आत्ता मी काय म्हणेन, ते तूच म्हण. माझ्या आवाजात."

मी काय भितो का? मान डावीकडं कलवली. नसलेला चष्मा वर सरकवला. नाकातून एक श्वास घेतला. साहेब माझ्या अंगात आले. आन् मी म्हणालो, "भास्करराव, वर दिसते ती माती. दगड तिच्या खाली असतो. तू खणून पाहिलंस का?"

तोंडातून निघून गेलं, आन् मी तिथंच थांबलो. कारण हे मी ठरवलं नव्हतं. त्या आवाजात दुसरं काही बसतच नव्हतं. आन् सवाल बरोबर होता. मी खणून पाह्यलं नव्हतं.

साहेब काही हसले नाई. "छान. चष्मा जरा लवकर सरकवलास," एवढंच म्हणाले, आन् कुदळ पुढं केली.

खणलं मीच. वीतभर काळी माती. अजून वीतभर, काळीच. मी म्हटलं, पाह्यलं का! अजून चार बोटं, आन् कुदळीचा आवाज बदलला. खसखस. माती एका रेघेत संपली होती. खाली पिवळी, भुसभुशीत रेती, आन् तिच्याखाली फिका दगड, जो नखानं घासला तर दाणे निघतेत. वाळूचा दगड. वरची काळी माती त्याच्यावर अशी बसली होती जशी पोळीवर पुरणाची थाप. मधात काही नाई. दगड झिजून माती होते तवा दोघाईच्या मधात अर्धवट कुजलेला थर असते. इथं तोच नव्हता.

"साहेब, ही माती इथली नाई," मी म्हणालो. या वेळेस माझ्याच आवाजात.

"पण मग आली कुठून? एवढी? नाल्याचा पूर इथवर येत नाही." साहेबाले पण पत्ता लागत नव्हता.

धुऱ्यावर सकुबाई हसू लागली. पदर तोंडाले लावून, मंग पदर सोडून.

"अरे, मले इचारा ना! मगापासून कोंबडीवानी उकरून राह्यले. थे माती आमची नाई. आम्ही आनली."

"कुठून?"

"बोरतळीहून. माया माहेराहून."

सकुबाईचं आंदण

बोरतळी तिथून दोन कोस, काळ्या दगडाच्या मुलखात. तिथं मालगुजाराच्या काळातला तलाव आहे. उन्हाळ्यात आटला का त्याच्या तळाले काळा, लोण्यासारखा गाळ. आन् नव्या टोलीची जमीन अशी का पाणी ठरत नाई, कापूस गुडघ्यावर येत नाई. म्हणून कोणे एके काळी बोरतळीच्या एका बापानं टोलीवर पोरगी देताना म्हटलं, मी भांडे देत नाई, पलंग देत नाई, मी माती देतो. वीस बंड्या, म्हणजे वीस बैलगाड्या भरून, तलावाचा गाळ पोरीच्या मागं आला. तिच्या वावरात कापूस कमरेले लागला. मंग काय, टोलीवाले सोयरीक पाहाले निघाले का बोरतळीलेच जात.

"माया लग्नात वाजा नोयता," सकुबाई सांगत होती, "पन मांगं एकवीस बंड्या होत्या. लोक वरात पाहाले नाई, बंड्या मोजाले उभे राह्यले. बारकी बहीन म्हने, बाई तं चालली, गावच संगं नेऊन राह्यली."

"आन् तेवढ्यानं एवढं वावर काळं झालं?"

"तेवढ्यानं कसं होईन? दर अकितीच्या सनाले भाऊ बंडी घेऊन येते ना. साडीचोळी राहो न राहो, मातीची बंडी पायजेच. माई सासू बोरतळीची. तिची सासू बोरतळीची. या तिघी," तिनं कुडापाशी उभ्या राह्यलेल्या बायाईकडं हात केला, "सगळ्या तिथल्याच. जिची बंडी आली नाई तिले आम्ही वर्षभर टोमने मारतो."

"तुयी तं दोन साल आली नोयती," त्यातली एक म्हणाली.

"भाऊ दवाखान्यात होता माया! आन् मंग दोन एकदम आनल्या का नाई, सांग ना याईले!"

साहेब वावराच्या काठाले चालत गेले. काठ सरळ होते. धुऱ्याले धुरा लागून, फूटपट्टीसारखे. बाया आपापल्या धुऱ्यापर्यंत माती टाकत, पलीकडं कशाले टाकतीन! साहेब माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाले असते, पण म्हणाले नाई. हा माणूस मले तवापासून आवडतो.

खाटेवर

सकुबाईनं आम्हाले जाऊ दिलं नाई. रोडगे केले, गोवऱ्याच्या आरावर भाजलेले, वांग्याची भाजी, वर तूप. साहेबानं भाजीत घालाले साखर आहे का म्हणून विचारलं. सगळ्या बाया त्याईच्याकडं असं पाहू लागल्या जसं मी लोटा ओतला तवा माझ्याकडं पाह्यलं होतं. माझं मन जरा हलकं झालं.

जेवण झाल्यावर सकुबाई म्हणाली, "तुया थो फोटो दाखव."

खाटेवर फोटो पसरला. वरून माझा पारदर्शक कागद टाकला. मी बोट ठेवलं, "हे तुमचं वावर."

"एवढंसं?"

"आभाळातून आहे, मावशी. तुमचं घर तर दिसतच नाई. वडनेरची बाजारपेठ दिसत नाई. माणूस नाई, बैल नाई. या अख्ख्या भागात माणसाच्या हातानं केलेलं जे ठळक दिसते ते हे एक."

ती वाकली. डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहत राह्यली. मंग नखानं त्या मसुरीच्या दाण्याचे तीन भाग पाडले. "हे सासूचं. हे मायं. हे इकडं शेजारच्या लक्ष्मीचं." कुडापासच्या बाया धावत आल्या. चार डोक्याईनं फोटो झाकून गेला. "मायं कुठी?" "सरक ना वो, तुयी सावली पडते!" "माया भावाले दाखवाले पायजे हे."

मी घसा साफ केला. "मावशी, हे मले पुसा लागते."

"काऊन?"

सांगतलं. मी हा ठिपका काळा दगड म्हणून काढला, शाईनं. तो ठेवला तर ठोकणारी मशीन येईन. बोअर ढासळन, आन् टोलीचं नाव यादीच्या तळाले जाईन. खाली वाळूचा दगड आहे, त्याले फिरणारी मशीन पाहिजे. दगडाच्या नकाशात मातीले जागा नसते.

बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. मले वाटलं आता रडतीन. साहेबानं टोपी हातात घेतली.

"मंग पुस ना," सकुबाई म्हणाली.

"वाईट नाई वाटणार?"

"बाबू, कागदावरून पुसशीन ना? वावरातून तं नाई? आन् तुया थ्या ठोकनाऱ्या मशीननं गड्डा ढासळला, त मी का तुया फोटो पिऊ?"

पारदर्शक कागदावरची शाई रबरानं निघत नाई, ब्लेडनं खरवडा लागते. माझ्याजवळ ब्लेड नव्हतं. साहेबानं दौऱ्यावर नेहमी संगं असते त्या दाढीच्या डब्यातून काढून दिलं, एकच होतं. मी तिथंच खाटेवर बसून, चार बाया डोक्यावर वाकलेल्या, हलक्या हातानं तो दाणा खरवडला. रात्र टोलीवरच काढली, आन् दुसऱ्या दिवशी साहेबाईनं त्याच ब्लेडनं दाढी केली. गालावर तीन जागी कापूस चिकटवलेला, टोलीचाच. रहीमभाई म्हणाला, "साब, आप का भी नक्सा बन गया."

आणखी एकदा

मशीन चैतात आली. फिरणारी. हे मले हापिसात कळलं, पण पुढं काय झालं ते सांगाले कोणी मोकळं नव्हतं. म्हणून अकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी सुट्टी टाकली आन् वडनेरपर्यंत एस.टी.नं, पुढं पायदळ गेलो. फोटो नेला नाई. रस्ता विचारत विचारत गेलो.

टोलीच्या तोंडालेच हातपंप उभा होता. भोवती चिखल, चिखलात कोंबड्या, आन् पोट्टे दांड्याले लटकून राह्यलेले. सकुबाईनं मले दुरूनच ओळखलं. लोटा भरला, माझ्याजवळ आली आन् माझ्या पायावर स्वतः ओतला, अख्खा. मंग दुसरा भरला.

"आता सांड," ती म्हणाली. "कितीक सांडतं ते पाहू."

तेवढ्यात मागून घुंगराचा आवाज आला. बोरतळीकडून बंडी येऊन राह्यली होती. सकुबाईचा भाऊ पुढं बसलेला, मागं काळी ओली माती, वर एक साडीचं पुडकं. सकुबाई लोटा तसाच टाकून पळाली. आम्ही तिघाईनं मिळून बंडी मागं कलवून उलार केली, मी फावड्यानं माती पसरवली, हाताले फोड आले.

तो पारदर्शक कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. छापलेल्या नकाशात तिथं सगळं फिकं आहे, वाळूचा दगड, बरोबर आहे. पण कागद खिडकीपाशी उजेडात धरला का ब्लेडनं खरवडलेली जागा दिसते, मसुरीएवढी. साहेब परवा म्हणाले, औंदाच्या उन्हाळ्याचा नवीन फोटो येणार आहे. म्हटलं येऊ द्या. ठिपका एका बंडीनं मोठा झाला असन. साहेबानं मान डावीकडं कलवली, चष्मा सरकवला. ते काय विचारणार हे मले माहीत होतं, म्हणून मी पहिलेच दोन्ही हात पुढं करून फोड दाखवले.